वनस्पतींमधील जड धातूंचे शोषण आणि संरक्षणव्यवस्था

जमिनीतील कॅडमियम, शिसे, पारा, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये, तसेच गरजेपेक्षा जास्त झालेले तांबे, जस्त किंवा निकेल मुळांवाटे वनस्पतीच्या शरीरात शिरल्यावर तिच्या वाढीत व पेशींच्या कार्यात जो बिघाड होतो, त्यास जड धातूंचा ताण असे म्हणतात. वनस्पती आपली जागा सोडून जाऊ शकत नाही. त्यामुळे या ताणाला तोंड देण्याची सर्व साधने तिला स्वतःच्या पेशींतच बाळगावी लागतात. धातूला शक्यतो बाहेर रोखणे, आत आलेला धातू रासायनिक बंधांनी जखडणे, तो पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवणे आणि झालेली हानी भरून काढणे, असे या संरक्षणाचे स्थूल स्वरूप आहे.

या विषयाचे महत्त्व वनस्पतिशास्त्रापुरते मर्यादित नाही. स्वतःचे रक्षण उत्तम रीतीने करणारे रोप हिरवेगार दिसते. पण त्याने धातू कोठे कोंडला आहे, मुळात, पानात की दाण्यात, यावर ते खाणाऱ्याचे आरोग्य अवलंबून असते. पीक जोमदार आहे, म्हणून ते निर्धोकही आहे, असे अनुमान काढता येत नाही. विसाव्या शतकात जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांना याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

‘जड धातू’ ही संज्ञा

ज्या धातूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ५ ग्रॅमपेक्षा अधिक असते, त्यास जड धातू म्हणण्याचा प्रघात आहे. कॅडमियमची घनता ८.७, शिशाची ११.३ आणि पाऱ्याची १३.५ ग्रॅम आहे. तथापि, घनतेचा आणि विषारीपणाचा थेट संबंध नाही. ॲल्युमिनियमची घनता अवघी २.७ ग्रॅम असूनही आम्लधर्मी जमिनीत ते पिकांच्या मुळांना अत्यंत घातक ठरते. आर्सेनिक हे तर धड धातूही नाही. रसायनशास्त्रात त्याची गणना धातुसदृश मूलद्रव्यांत होते. इ.स. २००२ मध्ये शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या एका तांत्रिक अहवालात जॉन डफस यांनी ही संज्ञा निरर्थक असल्याचे मत मांडले. मत ग्राह्य असले, तरी व्यवहारात संज्ञा टिकून आहे आणि या लेखातही ती रूढ अर्थानेच योजली आहे.

वनस्पतीच्या दृष्टीने खरा भेद आवश्यक आणि अनावश्यक धातूंमधील आहे. लोह, मँगनीज, जस्त, तांबे, मॉलिब्डेनम आणि निकेल ही मूलद्रव्ये तिला अल्प प्रमाणात का होईना, लागतातच. यांतील निकेलला मान्यता बरीच उशिरा मिळाली. युरियाचे विघटन करणाऱ्या यूरिएज या विकरात निकेल असते, हे १९७५ मध्ये कळले आणि निकेलच्या अभावी सातूचे (बार्लीचे) बी नीट रुजण्याजोगे तयार होत नाही, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. याउलट कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा जमिनीवरील वनस्पतींना काही उपयोग असल्याचे आढळलेले नाही. समुद्रातील एका डायॅटम शैवालात मात्र जस्ताची उणीव असताना कॅडमियम वापरणारे विकर सापडले आहे. निसर्गात विष आणि पोषक यांमधली रेघ कोठे ओढायची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आवश्यक धातूही मर्यादेपलीकडे गेला की विषच ठरतो. बोर्डो मिश्रणात वापरला जाणारा मोरचूद हा याचा परिचित नमुना होय. त्यातील तांबे बुरशीला मारते, आणि पिढ्यान्‌पिढ्या फवारणी होत आलेल्या द्राक्षबागांच्या मातीत साचून पुढे वेलींनाही जाचक ठरू शकते.

जमिनीतील उपलब्धता

खनिजयुक्त खडकांची झीज हा जड धातूंचा नैसर्गिक स्रोत आहे. त्यात खाणी व धातू गाळण्याच्या भट्ट्यांमधील टाकाऊ पदार्थ, कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी, तसेच शिसेयुक्त पेट्रोलचा धूर यांची मानवाने भर घातली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. पण मातीत बसलेले शिसे सहजासहजी हलत नाही. स्फुरदयुक्त खते ज्या खनिज फॉस्फेटपासून बनतात, त्यात कॅडमियम कमी-अधिक प्रमाणात असतेच. त्यामुळे कारखान्यांपासून दूर असलेल्या शेतातही ते थोडे थोडे पडत राहते.

मातीत धातू एकूण किती आहे यापेक्षा पाण्यात विरघळलेला, म्हणजे मुळाला घेता येण्याजोगा, किती आहे याला अधिक महत्त्व आहे. हे मुख्यतः मातीच्या सामूवर ठरते. आम्लधर्मी मातीत बहुतेक धातू सुटे होतात, तर चुनखडीयुक्त, अल्कधर्मी मातीत ते घट्ट बसतात. महाराष्ट्रातील चुनखडीच्या काळ्या जमिनीत उसावर किंवा भुईमुगावर ‘केवडा’ पडतो, म्हणजे पाने शिरांमधून पिवळी-पांढुरकी होतात, त्यामागे हेच रसायन आहे: जमिनीत लोह भरपूर असते, पण ते विरघळत नाही. सेंद्रिय पदार्थ, चिकणमातीचे कण आणि लोहाची ऑक्साइडे यांवरही धातू चिकटून राहतात. म्हणून एकाच प्रमाणात दूषित झालेल्या दोन शेतांतील पिकांत धातूचे प्रमाण फार वेगळे असू शकते.

मूळ ही काही निष्क्रिय नळी नव्हे. लोहाची चणचण भासली की बहुतेक द्विदल वनस्पतींची मुळे मातीत आम्ल सोडतात आणि लोहाचे रूप बदलून ते विरघळवतात. गहू, भात, ज्वारी, ऊस यांसारखी तृणकुलातील पिके लोहाला धरून आणणारी विशिष्ट संयुगे मुळांतून बाहेर सोडतात. या खटाटोपात लोहाबरोबर इतर धातूही सुटे होतात.

मुळात प्रवेश

कॅडमियमसाठी कोणत्याही वनस्पतीने वेगळे दार ठेवलेले नाही. ते दुसऱ्याच्या दारातून आत येते.

मुळाच्या पेशीभोवती असलेल्या प्रद्रव्यपटलातून धातूचे आयन आपोआप पार होत नाहीत. त्यांना आत घेण्यासाठी वाहक प्रथिने असतात, आणि ही प्रथिने आयनाचा आकार व विद्युतभार यांवरून त्याची ओळख पटवतात. आवर्तसारणीत कॅडमियम जस्ताच्या नेमके खाली येते. दोघांचे आयन द्विभारी आहेत. ही ओळख पटवण्याची पद्धत सामान्य मातीत पुरेशी असते. दूषित मातीत मात्र तिची फसगत होते. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील प्रायोगिक वनस्पतीत १९९६ मध्ये सापडलेले ‘आयआरटी १’ हे प्रथिन मूलतः लोहाचे वाहक आहे. पण ते जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि कॅडमियम यांनाही आत घेते. लोह कमी पडले की वनस्पती या वाहकाची संख्या वाढवते, आणि त्यामुळे लोहासाठी उपाशी असलेले रोप कॅडमियमही अधिक शोषते. भातात हेच काम मुख्यतः मँगनीजच्या वाहकाकडून होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

आर्सेनिकची चाल निराळी आहे. हवा खेळत्या मातीत ते आर्सेनेटच्या रूपात असते, आणि आर्सेनेट हे फॉस्फेटचे जणू जुळे भावंड आहे. त्यामुळे स्फुरद आत घेणारे वाहक आर्सेनेटलाही आत घेतात. पाणी साचलेल्या मातीत ते आर्सेनाइट बनते आणि मग भाताच्या सिलिकाच्या वाहकांतून शिरते. क्रोमेट सल्फेटच्या वाहकांचा आश्रय घेते.

दार बंद करणे हा यावरचा उघड उपाय, पण तो महागात पडतो. ब्रिटनमधील जुन्या खाणींच्या परिसरात वाढणाऱ्या होल्कस लॅनॅटस या गवताच्या आर्सेनिक-सहिष्णू रोपांनी फॉस्फेट ओढून घेणारी तीव्र यंत्रणाच दाबून ठेवल्याचे आढळले. आर्सेनिक कमी येते, मात्र स्फुरदही जपून मिळते.

शिशाची गत कॅडमियमसारखी नाही. पेशीभित्तिकेतील पेक्टिनवर ऋणभारित गट असतात. शिसे त्यांना घट्ट चिकटते आणि बहुतांशी मुळातच अडकून पडते. शिवाय मुळाच्या आतील भागात अंतस्त्वचेच्या पेशींभोवती कॅस्पेरियन पट्टी नावाचे जलरोधक वेष्टन असते. पेशींच्या मधल्या फटींतून आलेले पाणी येथे अडते आणि त्यातील प्रत्येक पदार्थाला पेशीच्या आतून, म्हणजे पहाऱ्यातून, जावे लागते. मुळाच्या कोवळ्या टोकाशी ही पट्टी अजून तयार झालेली नसते आणि तेथून काही धातू निसटून पुढे जातो.

मुळापासून पानापर्यंत

मुळात आलेला धातू वर जातो की तेथेच राहतो, हे दोन विरुद्ध दिशांच्या यंत्रणांवर ठरते. एक यंत्रणा त्याला मुळाच्या पेशीतील रिक्तिकेत ढकलते, तर दुसरी त्याला जलवाहिन्यांत चढवते. ॲराबिडॉप्सिसमध्ये जलवाहिनीत जस्त व कॅडमियम चढवणारा मुख्य पंप ‘एचएमए ४’ या नावाने ओळखला जातो. एकदा जलवाहिनीत पोहोचलेला धातू बाष्पोच्छ्वासामुळे ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर पानांत जातो. वाटेत तो सुटा राहत नाही. सायट्रिक आम्ल, निकोशियानामिन किंवा हिस्टिडिनसारखी अमिनो आम्ले त्याला सोबत करतात.

दाण्यात आणि फळात धातू जातो तो मुख्यतः रसवाहिन्यांतून, आणि त्या धातूच्या बाबतीत अधिक काटेकोर असतात. म्हणून सामान्यतः मुळात सर्वाधिक, पानांत त्याहून कमी आणि दाण्यात सर्वांत कमी धातू, अशी उतरंड दिसते. पालक, माठ, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्यांबाबत जास्त सावधगिरी बाळगावी लागते ती यामुळे; त्यांत पानच खाल्ले जाते. मुंबईत रेल्वेमार्गांलगतच्या पट्ट्यांत पिकणाऱ्या पालेभाज्यांविषयी वेळोवेळी व्यक्त होणाऱ्या काळजीला हाच आधार आहे. तंबाखूचे झाड तर आपले कॅडमियम पानातच साठवते, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियम इतरांपेक्षा जास्त आढळते.

ताणाची लक्षणे

पहिला घाव मुळावर बसतो. मुळांची लांबी खुंटते, टोके जाड व तपकिरी होतात, मूलरोम कमी होतात. मुळाची वाढ किती थांबली, हे मोजून धातूची तीव्रता व रोपाची सहनशीलता ठरवण्याची पद्धत अनेक दशके वापरात आहे. त्यानंतर पाने पिवळी पडतात. याची कारणे एकाहून अधिक आहेत: लोह वर पोहोचत नाही, हरितद्रव्य तयार करणारी विकरे मंदावतात, आणि काही वेळा हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमची जागा दुसरा धातू बळकावतो. डोळ्यांना हे चित्र लोहाच्या साध्या कमतरतेसारखेच दिसते. माती-पानांचे परीक्षण न करता केवळ रंगावरून निदान केल्यास चूक होण्याचा संभव मोठा असतो.

पेशीच्या आत कॅडमियम व पारा यांचे लक्ष्य प्रथिनांतील गंधकयुक्त गट हे असते. ते त्यांना चिकटले की विकराचा आकार बिघडतो आणि काम थांबते. जस्तावर चालणाऱ्या प्रथिनात कॅडमियम शिरले, तर ते प्रथिन चुकीचा सुटा भाग बसवलेल्या यंत्रासारखे होते. दुसरी हानी ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांमुळे होते. तांबे आणि लोह इलेक्ट्रॉनची देवघेव करून स्वतःच घातक मुक्तमूलके निर्माण करतात. कॅडमियमला हे जमत नाही. ते पेशीतील संरक्षक द्रव्ये खर्ची पाडून आणि श्वसन व प्रकाशसंश्लेषण यांची साखळी विस्कळीत करून आडवाटेने तोच परिणाम घडवून आणते. मुक्तमूलके पटलांतील मेदाम्लांचे, प्रथिनांचे आणि डीएनएचे ऑक्सिडीकरण करतात.

संरक्षणाची साधने

काही बचाव पेशीबाहेरच होतो. गव्हाच्या ॲल्युमिनियम-सहिष्णू वाणांची मुळे मॅलिक आम्ल सोडतात. ते ॲल्युमिनियमला मातीतच बांधून टाकते. मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचे तंतू अनेकदा धातू स्वतःवर अडवतात, परंतु कवकाची जात आणि माती यांनुसार परिणाम उलटही होऊ शकतो.

पेशीच्या आतील संरक्षणात सर्वांत महत्त्वाचा शोध १९८५ साली लागला. अर्विन ग्रिल, अर्न्स्ट-लुडविग विनाकर आणि माइनहार्ट त्सेंक यांनी कॅडमियम दिलेल्या वनस्पतिपेशींतून गंधकाने समृद्ध अशी छोटी पेप्टाइडे वेगळी केली आणि त्यांना ‘फायटोचेलॅटिन’ असे नाव दिले. या पेशी सर्पगंधेच्या होत्या. रक्तदाबावरील औषधासाठी ख्यात असलेल्या या भारतीय वनस्पतीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जात होत्या.

फायटोचेलॅटिनची घडण साधी आहे. ग्लुटॅमिक आम्ल व सिस्टीन यांची जोडी दोन ते अकरा वेळा पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी ग्लायसीन असते. प्रत्येक सिस्टीनवर एक गंधकयुक्त गट असतो, आणि हे गट कॅडमियमच्या आयनाला चहूबाजूंनी पकडतात. इतर प्रथिनांप्रमाणे ही साखळी जनुकावरून थेट विणली जात नाही. पेशीत आधीच असलेल्या ग्लुटाथायोनपासून फायटोचेलॅटिन सिंथेज हे विकर ती तयार करते, आणि हे विकर जड धातूच्या उपस्थितीत कार्यान्वित होते. चोरानेच पहारेकऱ्याला जागे करावे, तसा हा प्रकार आहे. नवे प्रथिन तयार होण्याची वाट पाहावी लागत नसल्याने प्रतिसाद त्वरित मिळतो. हे विकर बिघडलेली ॲराबिडॉप्सिसची रोपे कॅडमियमला अत्यंत दुबळी ठरतात.

म्हणजे हे विकर जितके जास्त तितके संरक्षण अधिक, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रयोगात नेहमी तसे दिसले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे विकर अतिरिक्त प्रमाणात बनवणारी ॲराबिडॉप्सिसची रोपे उलट कॅडमियमला अधिक बळी पडली. फायटोचेलॅटिन घडवण्यासाठी ग्लुटाथायोन खर्च होते, आणि तेच ग्लुटाथायोन मुक्तमूलकांशी लढण्यासाठीही लागते. तिजोरी एकच, आणि मागणारे दोन. पिकाला गंधकाचे पोषण पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न येथे येऊन मिळतो.

फायटोचेलॅटिनने पकडलेला धातू पेशीद्रवात ठेवून भागत नाही. तो रिक्तिकेत नेला जातो. प्रौढ वनस्पतिपेशीचा बहुतांश भाग या रिक्तिकेने व्यापलेला असतो, आणि तेथे नाजूक यंत्रणा नसल्याने धातूला कोंडून ठेवण्यास ती जागा सोयीची आहे. ॲराबिडॉप्सिसमध्ये हे काम करणारे दोन वाहक २०१० मध्ये ओळखले गेले. ते दोन्ही निकामी केल्यास रोप आर्सेनिक सहन करू शकत नाही. वनस्पतीला मूत्रपिंड नाही. रिक्तिका हेच तिचे कोठार आणि हीच तिची उकिरड्याची जागा.

मेटॅलोथायोनीन ही दुसऱ्या प्रकारची धातुबंधक प्रथिने होत. ती प्रथम १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडली. वनस्पतींत ती मुख्यतः तांबे व जस्त यांचा हिशेब सांभाळतात. मुक्तमूलकांचा बंदोबस्त सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज आणि ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही विकरे करतात. ॲस्कॉर्बेट म्हणजेच क जीवनसत्त्व. प्रोलीन या अमिनो आम्लाचे प्रमाणही ताणाखाली वाढते, परंतु ते दुष्काळात आणि क्षारांच्या ताणातही वाढत असल्यामुळे त्याला जड धातूंची खास खूण मानता येत नाही.

अतिसंचयी वनस्पती

बहुतेक वनस्पती धातू टाळतात. काही मात्र तो जाणूनबुजून जमवल्यासारख्या वागतात. इटलीतील टस्कनी प्रांतात सर्पेंटाइन खडकांवर वाढणाऱ्या ॲलिसम बर्टोलोनी या झुडपाच्या पानांत असाधारण निकेल असल्याचे १९४८ मध्ये नोंदवले गेले. अशा वनस्पतींसाठी अतिसंचयी या अर्थाची संज्ञा १९७७ मध्ये रॉबर्ट ब्रूक्स व सहकाऱ्यांनी रूढ केली. सुक्या पानात दर किलोला १ ग्रॅमहून अधिक निकेल, ही त्यांची कसोटी होती. आज अशा सातशेहून अधिक जाती ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य निकेलच्या आहेत.

प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरील पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा या वृक्षाची साल चिरली असता निळसर हिरवा चीक वाहतो. वाळलेल्या चिकात वजनाने सुमारे २५ टक्के निकेल असते. चिकूच्या कुळातील या झाडाची माहिती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती अनेकांना अविश्वसनीय वाटावी, इतका हा आकडा मोठा होता. २००१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे, लाकूड टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त रसायने वापरलेल्या जागी, टेरिस व्हिटाटा या नेच्याच्या पानांत २ टक्क्यांहून अधिक आर्सेनिक सापडले. हा नेचा मूळचा आशिया व इतर उष्ण प्रदेशांतील असून भारतातही जुन्या भिंतींच्या चुन्यात सहज उगवतो.

या वनस्पतींची यंत्रणा नवी नाही. जुन्याच यंत्रणेचा जोर वाढलेला आहे. ॲराबिडॉप्सिस हॅलरी या जस्त-संचयी जातीत वर उल्लेखिलेल्या ‘एचएमए ४’ पंपाच्या जनुकाच्या तीन प्रती आहेत आणि प्रत्येक प्रत अधिक वेगाने वापरली जाते, असे २००८ मध्ये दिसून आले. त्यामुळे मूळ सतत रिकामे होत राहते व धातू पानांतील रिक्तिकांत भरतो. वनस्पतीला यातून काय मिळते, याविषयी अनेक मते आहेत. पानांतील धातूमुळे किडी व रोगजंतू दूर राहतात, हे मत त्यांत अधिक मान्यता पावलेले आहे.

दूषित जमिनीतील धातू अशा वनस्पतींकरवी काढून घेण्याच्या उपायाला वनस्पतिशोधन म्हणता येईल. मोहरी, सूर्यफूल, जलपर्णी यांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. या उपायाचे कौतुक फार होते, पण मर्यादा सांगितल्या जात नाहीत. उत्तम अतिसंचयी जाती बहुधा खुरट्या व हळू वाढणाऱ्या असतात. मोठ्या वाढणाऱ्या पिकांत धातू कमी उतरतो. आणि कापलेले पीक हाच पुन्हा विषारी कचरा असतो. ते गुरांना घालता येत नाही आणि कंपोस्टमध्येही टाकता येत नाही. मातीत शिसे विरघळावे म्हणून रसायने ओतण्याचे प्रयोग झाले, तेव्हा तो धातू भूजलात झिरपण्याचा धोका निर्माण झाला.

भात, कॅडमियम आणि आर्सेनिक

जपानच्या तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम निसर्गतःच मिसळलेले असते. खाणीतील टाकाऊ गाळ नदीत उतरला, नदीचे पाणी भातखाचरांत गेले आणि कॅडमियम मातीत साचत राहिले. वर्षानुवर्षे खाणाऱ्या माणसाला घातक ठरणारे दाण्यातील प्रमाण भाताचे रोप मारण्यास सहसा पुरे पडत नाही. भात पिकत राहिला आणि लोक तो खात राहिले.

काही काळाने त्या खोऱ्यातील स्त्रियांना, विशेषतः उतारवयातील आणि अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना, असह्य हाडदुखी जडू लागली. कॅडमियम मूत्रपिंडात साठते, तेथील सूक्ष्म नलिकांचा नाश करते, शरीरातील कॅल्शियम व फॉस्फेट वाहून जाते आणि हाडे मऊ पडतात. साध्या हालचालीने किंवा खोकल्याच्या उबळीनेही हाड मोडत असे. रुग्णांच्या तोंडच्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ या उद्गारावरून रोगाला तेच नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरु हागिनो यांनी त्याचा संबंध खाणीशी जोडला, तेव्हा प्रारंभी त्यांना विरोधच सहन करावा लागला. १९६८ मध्ये जपान सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. १९७१ मध्ये न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला आणि अपिलातही तो कायम राहिला. खाचरांतील दूषित माती गाडून त्यावर स्वच्छ माती पसरण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

भातात कॅडमियम येते कसे, याचे उत्तर मात्र एकविसाव्या शतकात मिळाले. २०१० मध्ये ‘निप्पोनबारे’ हा जपानी वाण आणि ‘अंजना धान’ हा दाण्यात जास्त कॅडमियम साठवणारा वाण यांच्या संकरातून संशोधकांनी एका जनुकाचा माग काढला. त्यापासून बनणारे ‘ओएस-एचएमए ३’ हे प्रथिन मुळातील कॅडमियम रिक्तिकेत कोंडते. निप्पोनबारेत ते काम करते. अंजना धानात त्याच्या ८०व्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे ते निकामी आहे, म्हणून कॅडमियम मुळात न थांबता वर जाते. शेतात दोन्ही रोपे सारखीच हिरवी दिसतात. २०१२ मध्ये आत येण्याचे मुख्य दारही सापडले. ते ‘ओएस-एनरॅम्प ५’ हे मँगनीजचे वाहक होते.

शेतकऱ्यासमोरील पेच मात्र त्याने सुटत नाही. पाणी भरलेल्या खाचरात ऑक्सिजन नसल्याने कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन अविद्राव्य होते. म्हणून जपानमध्ये लोंब्या निसवण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन-तीन आठवडे पाणी टिकवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. पण त्याच पाण्याखाली लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक सुटते आणि सिलिकाच्या वाहकांतून भातात शिरते. खाचर कोरडे ठेवले तर कॅडमियम वाढते, भरलेले ठेवले तर आर्सेनिक. पश्चिम बंगाल व बांगलादेशात आर्सेनिकयुक्त कूपनलिकांच्या पाण्यावर उन्हाळी ‘बोरो’ भात घेतला जातो, तेथे दुसरी बाजू अधिक जाचक आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पॉलिश केलेल्या तांदळात दर किलोला कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम व असेंद्रिय आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. मुबलक पाण्यात भात शिजवून पेज काढून टाकल्यास असेंद्रिय आर्सेनिक बऱ्याच अंशी कमी होते. अर्थात ते पाणी स्वतः आर्सेनिकमुक्त असावे लागते.

जपानी संशोधकांनी ‘कोशिहिकारी’ या लोकप्रिय वाणावर कार्बन आयनांचा मारा करून मँगनीज-वाहक निकामी झालेली रोपे मिळवली. दूषित खाचरातही त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरत नाही, आणि त्यामुळे खाचर कोरडे ठेवून आर्सेनिकही आटोक्यात आणण्याची वाट मोकळी होते. मात्र बंद केलेले दार मँगनीजचे होते. मँगनीज कमी असलेल्या जमिनीत या रोपांना त्याची उणीव भासते आणि भाताच्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाला ती अधिक बळी पडतात.